भूकंपाच्या वर्षी मिळालेलं रक्त

डोळ्याच्या ऑपरेशनआधी रक्ताच्या ज्या ठरावीक तपासण्या होतात, त्यांत एचआयव्ही आणि एचबीएसएजी (हिपॅटायटीस बीची तपासणी) यांच्या खाली तिसरी ओळ एचसीव्हीची, म्हणजे यकृताला सूज आणणाऱ्या हिपॅटायटीस सीच्या विषाणूची असते. माझ्या कागदावर पहिल्या दोन ओळींपुढे ‘नॉन-रिॲक्टिव्ह’ होतं आणि तिसरीपुढे ‘रिॲक्टिव्ह’. काउंटरवरची मुलगी एवढंच म्हणाली, “मॅडम, आधी फिजिशियनला दाखवून या, मग तारीख देऊ.” ही २०२३ च्या पावसाळ्याच्या तोंडची गोष्ट. मला पंचावन्न पूर्ण झाली होती, साखर जुनी, त्यामुळे मोतीबिंदू लवकर आला याचं नवल वाटलं नव्हतं. ही तिसरी ओळ मात्र कुठून आली ते कळेना.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत वरच्या वर्गांना विज्ञान शिकवत होते. हिपॅटायटीस ए आणि ई दूषित पाण्यातून, बी आणि सी रक्तातून, हे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. सीबद्दल त्यापुढे मलाही फारसं ठाऊक नव्हतं आणि घरात तर कुणालाच नाही. आमचे हे म्हणाले, “कावीळ म्हणतेस, पण डोळे कुठं पिवळे आहेत?” धाकट्या नणंदेला वाटलं, ही पांढरी कावीळ. आमच्याकडे हिपॅटायटीस बीला तसं म्हणतात. मोठ्या जाऊबाईंनी तर कावीळ उतरवणाऱ्या एका माणसाचं गावही सांगितलं. तो गळ्यात माळ घालतो, चुन्याच्या पाण्याने हात धुतो, पाणी पिवळं होतं, कावीळ उतरते. त्यांनी ते कळवळ्यानेच सांगितलं होतं. पण पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप ओसरते, आणि श्रेय माळेला मिळतं. हिपॅटायटीस सी तसा वागत नाही. बहुतेकांना त्यात कावीळ होतच नाही. विषाणू यकृतात वीस-तीस वर्षं गुपचूप काम करत राहतो, आणि पोटात पाणी व्हायला लागतं किंवा रक्ताची उलटी होते तेव्हा माणूस दवाखाना गाठतो.

बार्शीतल्या आमच्या फिजिशियननी मला जे समजावलं, ते प्रत्येक ‘रिॲक्टिव्ह’ माणसाला पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवं, असं मला फार वाटतं. ऑपरेशनआधीच्या कार्ड टेस्टमध्ये विषाणू दिसत नाही. विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी दिसतात. शाळेच्या भाषेत सांगायचं तर हे दाखलखारीज रजिस्टर आहे. मूल कधीतरी या शाळेत आलं होतं, एवढंच त्यातून कळतं. आज ते वर्गात बसलंय का, हे हजेरीपट बघूनच सांगता येतं. रक्तातला विषाणू मोजणारी आरएनएची तपासणी म्हणजे हजेरीपट. साधारण दहातल्या तिघांचं शरीर पहिल्या सहा महिन्यांत औषधाशिवाय या विषाणूला हाकलून देतं, पण अँटिबॉडी मागे उरतात. म्हणजे कागदावर ‘रिॲक्टिव्ह’ असूनही माणसाला आजार नसू शकतो. आरएनए झाल्याशिवाय कुणी औषध सुरू करू नये आणि कुणी घाबरूनही जाऊ नये.

ही तपासणी खासगीत महाग पडते. डॉक्टरांनी विचारलं, “सिव्हिलला जाल का? तिथे सगळं फुकट होतं.” २८ जुलै २०१८ पासून केंद्र सरकारचा राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे. तपासण्या आणि औषधं, दोन्ही मोफत. तोवर मी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. क्षयाचा कार्यक्रम शाळेतल्या पोराटोरांनाही माहीत असतो, याची मात्र भिंतीवर एक ओळ दिसत नाही. हे बदलायला हवं.

सिव्हिलच्या खोलीत नाव, आधार, फोन घेऊन नोंदणी झाली, क्रमांक मिळाला. तिथे पिअर सपोर्टर म्हणून एक तिशीतला मुलगा बसायचा. स्वतः या आजारातून बरा झालेला. रांगेतल्या प्रत्येकाला तो आधी एकच गोष्ट सांगायचा, “काकू, हा बरा होणारा आजार आहे. बीपी-शुगरसारखा जन्मभर सांभाळायचा नाही.” डॉक्टरांनीही नंतर तेच सांगितलं, पण त्याच बाकावर बसून गेलेल्या माणसाच्या तोंडून ते ऐकताना मला पहिल्यांदा धीर आला.

आरएनएचा आकडा लाखांत आला. घरी सगळे हबकले. सिव्हिलच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, या आकड्यावरून यकृत किती खराब झालं ते कळत नाही. लाखांत विषाणू असून यकृत ठणठणीत असू शकतं, आणि थोड्या विषाणूतही ते सुकलेलं असू शकतं. ते वेगळं मोजावं लागतं. त्यासाठी एसजीओटी, एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी दोन द्रव्यं), प्लेटलेट आणि वय यांचं एक साधं गणित आहे, एफआयबी-४ नावाचं. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. हे मी घरी वहीत स्वतः करून पाहिलं. वय ५५, एसजीओटी ६२, एसजीपीटी ७०, प्लेटलेट (हजारांत) १६५. उत्तर २.४७. ते १.४५ च्या खाली असतं तर निर्धास्त, ३.२५ च्या वर असतं तर यकृतात बरेच व्रण पडल्याची शक्यता. माझं मधलं. म्हणून फायब्रोस्कॅन झाला. सोनोग्राफीसारखंच यंत्र, बरगड्यांवर हलके ठोके देतं, दुखत नाही. त्यात यकृताचा कडकपणा १०.२ किलोपास्कल आला. सिऱ्हॉसिस, म्हणजे व्रण पडून यकृत पार कडक होणं, नव्हता, पण त्याच्या बराच जवळ. आणखी काही वर्षं गेली असती तर काय झालं असतं, हे डॉक्टरबाईंनी मी विचारलं म्हणून सांगितलं. मनाने सांगितलं नाही.

एवढी वर्षं जाणवणारा थकवाही त्यातलाच असावा. शाळेतून आलं की अर्धा तास भिंतीला टेकून बसल्याशिवाय मला चुलीपुढे उभं राहवत नसे. मी ते वयावर आणि पाळी जाण्यावर घातलं होतं. मधुमेहसुद्धा या विषाणूमुळे लवकर जडू शकतो, हे तिथेच समजलं.

मग प्रश्नांची यादी झाली. रक्त कधी चढवलं का, डायलिसिस, ऑपरेशनं, दाताची कामं, गोंदण, गावठी डॉक्टरची इंजेक्शनं, सुईने नशा. शेवटचा प्रश्न आला तेव्हा बरोबर आलेले आमचे हे खुर्चीत अवघडले. पण तो सगळ्यांनाच विचारतात आणि विचारायलाच हवा. पुढे घरचे माझी समजूत घालायचे, “तुझं काय, तुला बिचारीला रक्तातून आलं.” त्या वाक्याने मला बरं वाटायचं नाही. रांगेत माझ्या पुढे एक विशीतला मुलगा असायचा, बाहीच्या आत हात लपवून बसायचा. त्यालाही तो आजार रक्तातूनच आला होता. औषधही दोघांना तेच. माझ्या आजाराला बिचारा आणि त्याच्या आजाराला पाप म्हणणं मला मान्य नाही.

माझं रक्त कुठलं, ते सांगायला फार आठवावं लागलं नाही. मोठा मुलगा १९९३ च्या मे महिन्यातला. त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, म्हणून आमच्याकडे तो अजून ‘भूकंपाच्या वर्षीचा’. बाळंतपण सरळ झालं, पण वार अडकली आणि रक्त थांबेना. मी पांढरीफटक पडले होते, असं सासूबाई सांगायच्या. मला स्वतःला फक्त छताचा पंखा आणि पायाकडून वर येणारी थंडी आठवते. दोन बाटल्या दिरांच्या मित्रांनी दिल्या, बाकीच्या सोलापुरातून विकत आणल्या. तेव्हा रक्त विकणारी माणसं असत आणि ते बेकायदा नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री बंद झाली. हिपॅटायटीस सीचा विषाणू ओळखू आला तोच १९८९ मध्ये. त्याआधी डॉक्टर त्याला ‘ए नाही, बी नाही’ एवढंच म्हणत. आपल्या देशात रक्तपेढ्यांना प्रत्येक बाटलीची सीसाठी तपासणी सक्तीची झाली २००१ साली. म्हणजे १९९३ च्या मे महिन्यात त्या बाटल्यांत काय आहे, हे ना देणाऱ्याला ठाऊक होतं, ना चढवणाऱ्याला. ते रक्त नसतं तर माझं बाळ आईवाचून वाढलं असतं. माझ्या मनात त्या बाटल्यांबद्दल राग नाही. ज्यांनी तो विषाणू शोधला त्या हार्वे ऑल्टर, मायकेल हाउटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चं नोबेल मिळालं. कोविडच्या त्या दिवसांत मी ती बातमी वाचून पुढे गेले होते. नंतर ती पुन्हा शोधून, कात्रण काढून वहीत चिकटवली.

खरी झोप उडवली ती मुलीच्या विचाराने. मुलाच्या जन्मानंतर मला रक्त मिळालं, त्यामुळे त्याला जन्मातून काही होण्याचा प्रश्न नव्हता. पण मुलगी १९९७ ची. ती पोटात असताना विषाणू माझ्या अंगात होता. आईकडून बाळाला तो जाण्याची शक्यता शंभरात साधारण पाच. पाच म्हणजे कमी, असं मी दुसऱ्या कुणालाही सांगितलं असतं. स्वतःच्या लेकीच्या बाबतीत पाच हा आकडा कमी वाटत नाही. तिला मी दीड वर्ष अंगावर पाजलं होतं, तेही डोक्यात फिरत राहिलं. दुधातून हा विषाणू जात नाही, फक्त स्तनाग्रं चिरून रक्त येत असेल तर काळजी घ्यायची, असं डॉक्टरबाईंनी समजावलं. मुलगी तपासणीला निघाली तेव्हा तिच्या लग्नाचं बोलणं चालू होतं. आमच्या काही पाहुण्यांचा सल्ला होता, “आत्ता कशाला? लग्न होऊ दे.” मुलगीच म्हणाली, “आई, असेल तर तीन महिन्यांत बरी होईन. नसेल तर तू झोपशील.” तपासणी निगेटिव्ह आली. ह्यांची आणि मुलाचीही निगेटिव्ह. नवरा-बायकोत हा विषाणू क्वचितच जातो. तरी घरात सगळे तपासले ते बरं झालं.

गोळ्यांबद्दल सांगण्यासारखं फार नाही, आणि हीच मोठी गोष्ट आहे. सिऱ्हॉसिस नसल्यामुळे सोफोसबुव्हिर ४०० मिलिग्रॅम आणि डॅक्लाटासव्हिर ६० मिलिग्रॅम, दोन्ही रोज एकेक, बारा आठवडे. दर वेळी २८ दिवसांच्या गोळ्या मिळत. सुरुवातीला थोडं डोकं दुखलं, बाकी काही नाही. त्याआधी बी आणि एचआयव्ही तपासून घेतात, कारण बी दबलेला असेल तर सीचं औषध घेताना तो उसळू शकतो. कोणकोणती औषधं चालू आहेत हे दोनदा विचारलं गेलं. हृदयाचे ठोके ताळ्यावर आणणारं अमिओडारोन, फिटच्या काही गोळ्या, टीबीचं रिफॅम्पिसिन, यांचं या औषधाशी जमत नाही. भुईआवळ्याचा काढा मी नणंदेच्या आग्रहाखातर घेणार होते, तोही नको म्हणाले. मधुमेहाच्या लोकांनी एक ध्यानात ठेवावं: विषाणू जायला लागला की साखर खाली येऊ शकते. एका दुपारी मला शाळेत घाम फुटून हात थरथरायला लागले. मग साखरेच्या गोळीचं प्रमाण डॉक्टरांनी कमी केलं.

त्या रांगेत एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी जुना उपचार घेतला होता. दर आठवड्याला इंटरफेरॉनचं इंजेक्शन, वर्षभर, शिवाय रिबाव्हिरिनच्या गोळ्या. ताप, केस गळणं, रक्त कमी होणं, मन इतकं खचणं की जगू नये वाटावं. आणि तरीही आजार गेला नाही. आता गोळ्यांनी गेला. पुण्यातल्या माझ्या मुलाने वाचून सांगितलं की सोफोसबुव्हिरला अमेरिकेत २०१३ च्या डिसेंबरात मान्यता मिळाली तेव्हा एका गोळीची किंमत १००० डॉलर होती, पूर्ण कोर्सची ८४,००० डॉलर. पुढच्या वर्षी भारतीय कंपन्यांना ती बनवायचा परवाना मिळाला आणि २०१५ पासून ती इथे अगदी थोड्या पैशांत तयार व्हायला लागली. एवढ्या किमतीची गोळी एका प्राथमिक शिक्षिकेला सिव्हिलच्या खिडकीतून फुकट मिळते, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

घरात काय बदललं? ताट, पेला, टॉवेल, संडास, काहीही वेगळं केलं नाही. गरज नसते. जेवणातून, मिठी मारल्याने, खोकल्याने हा पसरत नाही. वेगळं केलं ते फक्त रक्ताशी संबंध येणारं. दात घासायचा ब्रश, नेलकटर, ह्यांचं रेझर. ह्यांनाही मधुमेह आहे आणि आम्ही बोट टोचायचं पेन एकच वापरत होतो. सुई बदलायचो, पेन तेच. पेनं आधी वेगळी केली. विळीवर बोट कापलं तर विळी नुसती धुवायची नाही, ब्लीचच्या पाण्याने पुसायची, हेही ठरवलं. ब्लीच एक भाग, पाणी नऊ भाग. गोळ्या संपून रक्त स्वच्छ झाल्यावर याची गरज उरली नाही, पण टोचायचं पेन आणि ब्रश वेगळे असणं कुठल्याही घरात चांगलंच.

गौरी आल्या तेव्हा माझ्या गोळ्या चालू होत्या. जाऊबाईंनी मला पुरण वाटायला बसू दिलं नाही. “तू बस गं, दमतेस,” म्हणाल्या, आणि माझा चहाचा कप वेगळा घासला. मला फार लागलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं, पुरणातून काय जातं आणि काय जात नाही, आणि म्हटलं, “तुमचं पिशवीचं ऑपरेशन झालंय, जत्रेत एकाच सुईने बारा बायकांत बसून तुम्ही हात गोंदवून घेतलाय. तुम्हीही तपासून घ्या.” आधी रागावल्या. पुढच्या फेरीला मात्र स्वतःहून माझ्याबरोबर एसटीत बसल्या, त्या पिअर सपोर्टर मुलाला खोदून खोदून प्रश्न विचारले, तपासणी करून घेतली. त्यांना काही नव्हतं. परतताना म्हणाल्या, “पाडव्याला पुरण तूच वाट.”

शाळेत मी सगळ्यांना सांगितलं नाही. सांगायची जरूर नव्हती असं मी आजही मानते. ज्याच्या हाताशी आपलं रक्त येणार, म्हणजे दाताचा डॉक्टर, ऑपरेशन करणारा, रक्त काढणारा, त्याला सांगावं. आणि सांगितल्यावर त्याने आपल्याला परत पाठवू नये. माझ्या बाबतीत एका ठिकाणी परत पाठवलंच. दुसऱ्या ठिकाणी डोळ्याचं ऑपरेशन नेहमीसारखं झालं, तेही गोळ्या चालू असताना. प्रत्येक पेशंटचं रक्त बाधित आहे असं धरूनच हातमोजे घालायचे असतात, हा नियम त्या डॉक्टरांना कुणी आठवून द्यावा लागला नाही.

औषध संपलं की लगेच बरे झालो असं म्हणत नाहीत. बारा आठवडे थांबून पुन्हा आरएनए करतात. तेव्हाही विषाणू सापडला नाही तर आजार गेला. शंभरातल्या पंचाण्णवहून जास्त लोकांचा जातो. माझ्या कागदावर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ आलं. त्या दिवशी तो पिअर सपोर्टर मुलगा म्हणाला, “काकू, हा कागद लॅमिनेट करून घ्या, कायम लागेल.” कारण अँटिबॉडी जन्मभर राहतात. पुढे कधीही कार्ड टेस्ट केली तर ती रिॲक्टिव्हच येणार. मला आता रक्तदान करता येणार नाही. आणि एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही असंही नाही. या विषाणूवर लस नाही. बीवर आहे. ती आम्ही दोघांनी घेतली.

यकृताचा कडकपणा हळूहळू उतरतो आहे. गेल्या खेपेला फायब्रोस्कॅन ७.८ आला. तरी सुरुवातीला तो वर होता म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायला सांगितलं आहे. अशा यकृतात कॅन्सरची शक्यता थोडी उरते, ती वेळेत सापडावी म्हणून. ती मी चुकवत नाही.

माझ्या वयाच्या कितीतरी बायकांना बाळंतपणात, पिशवीच्या ऑपरेशनात, अपघातात २००१ च्या आधी रक्त चढवलेलं आहे. त्यांना ते पक्कं आठवतं, पण कुणी विचारलेलं नाही. आमच्या गावच्या आशाताईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच चार नावं घेतली. त्यातल्या दोघींची कार्ड टेस्ट उपजिल्हा रुग्णालयात झाली. एकीची निगेटिव्ह आली. दुसरीची रिॲक्टिव्ह आहे, तिचं आरएनए अजून व्हायचंय. सोमवारी मी तिच्याबरोबर सिव्हिलला जाणार आहे.